न फाडलेलं कार्ड

"ते लग्नाचं बासन काढा," नारायणशेठ म्हणाले आणि त्यांनी काठीचं टोक माझ्या टेबलावर टेकवलं. टेबलावर म्हणजे अगदी टेबलावरच, मी नुकत्याच झटकून ठेवलेल्या कागदांच्या शेजारी.

मी काठीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "नमस्कार शेठजी. बसा ना."

"बसायला आलो नाही. लाल फडक्यात बांधलेलं बासन आहे, वर शाईनं 'कुसुमचे लग्न' लिहिलंय. दुसऱ्या पेटीत आहे. उघडलंय का ते?"

"अजून नाही. पहिलीच पेटी चालू आहे."

त्यांचा चेहरा जरा सैल पडला. "बरं झालं. आणा इकडे. घरी न्यायचंय."

ही १९९६ सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, वाठारीत नवी होते आणि नगर वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत तात्पुरत्या नेमणुकीवर काम करत होते. निवृत्त मास्तर मोघे सर यांनी तिथं गावच्या जुन्या कागदांचा संग्रह सुरू केला होता. घराघरांतून, समाजासमाजांतून कागद गोळा करायचे, झटकायचे, नंबर घालायचे आणि जपून ठेवायचे हे माझं काम. नारायणशेठ वडके हे कासार आळीतलं बडं प्रस्थ. तांब्यापितळेच्या भांड्यांचा कारखाना, तीस वर्षं समाजाचं अध्यक्षपद. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः होऊन तीन पेट्या हातगाडीवर घालून आणून दिल्या होत्या. समाजाच्या सभांची इतिवृत्तं, पत्रं, पत्रिका, फोटो. हातगाडीच्या पुढं स्वतः चालत आले होते आणि वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून भाषणही ठोकलं होतं.

"शेठजी, संग्रहात आलेला कागद बाहेर जात नाही," मी म्हटलं. "नियम आहे. इथं बसून हवं ते बघा."

"माझ्याच घरचा कागद मला नियम सांगणार?"

"तुम्हीच सही केलीय त्या नियमाखाली."

ते पुटपुटत बसले. मी बासन आणून पुढ्यात ठेवलं. त्यांनी गाठ सोडली आणि कागद चाळायला लागले. चाळायला म्हणजे चाचपायलाच. एकेक कागद डोळ्यांच्या अगदी जवळ न्यायचे, तिरका धरायचे, बाजूला ठेवायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ते मला दिसत होतं. त्यांना काय दिसत होतं ते देव जाणे.

"काय शोधताय ते सांगा, मी काढून देते."

"तुम्ही तुमचं काम करा."

"पत्रिका हवीय का? फोटो?"

"म्हटलं ना, तुमचं काम करा! चष्मा घरी राहिलाय माझा."

चष्मा नाकावरच होता. मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. अर्ध्या तासानं त्यांनी सगळं पुन्हा फडक्यात कोंबलं आणि गाठ मारली.

"हे बासन उघडायचं नाही. लग्नाच्या पत्रिकांत काय इतिहास असतो? बाकीच्या पेट्या घ्या, हे राहू द्या असंच."

"असं नाही चालत. प्रत्येक कागदाची नोंद होते. आणि त्या यादीची एक प्रत तुमच्या घरी येते."

"लोकांच्या घरातल्या चिंध्या हुंगायची नोकरी आहे तुमची. तिचा एवढा तोरा?"

"चिंध्या होत्या तर हातगाडीवरून मिरवत कशाला आणल्यात?"

हे तोंडातून गेलं आणि गेलंच. त्यांची काठी टेबलावरून खाली आली. "मोघ्यांशी बोलतो मी," ते म्हणाले. "तुमची ही खुर्ची किती दिवसांची आहे ते मला ठाऊक आहे." आणि भिंतीचा आधार घेत घेत बाहेर पडले. दार कुठंय ते त्यांना दोनदा चाचपावं लागलं. मी उठून दाखवलं नाही.

खरं सांगते, मला राग आला होता. तो राग आवरायचा सोडून मी त्याच दुपारी पहिली पेटी अर्धवट टाकली आणि ते बासन उघडलं.

आत कुसुमच्या, म्हणजे शेठजींच्या मुलीच्या, लग्नाचं सगळं होतं. मे १९६१. आहेराची यादी, कुणाला कुठं उतरवायचं त्याचा तक्ता, आचाऱ्याची चिठ्ठी आणि न वाटलेल्या चाळीसेक पत्रिका. त्या पत्रिका मी एकेक करून सुट्या करत होते. मधल्या एका पत्रिकेच्या घडीत एक पोस्टकार्ड होतं.

कार्डाच्या माथ्यावर 'श्री' नव्हतं. आमच्याकडे साधी खुशालीची चिठ्ठी असली तरी वर 'श्री' असतंच. नसतं फक्त एका प्रकारच्या पत्रावर. मृत्यूची बातमी कळवणाऱ्या. आणि असलं पत्र कुणी घरात ठेवत नाही. वाचायचं आणि तिथंच उभ्या उभ्या फाडून टाकायचं. म्हणून तर कुठल्याही घराच्या दप्तरात लग्नाच्या पत्रिका शेकड्यांनी मिळतात आणि दुखवट्याचं एक कार्ड मिळत नाही. हे कार्ड मात्र धडधाकट होतं. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

'सौ. द्वारकास,' निळ्या शाईत, मोठ्या, सरळ अक्षरांत लिहिलं होतं. 'कळविण्यास दुःख होते की ती. तात्या आज ता. ३ रोजी पहाटे गेले. शेवटपर्यंत तुझं नाव घेत होते. दहाव्याला पाव्हण्यांना घेऊन ये. तू आल्याशिवाय पिंडाला कावळा शिवायचा नाही. वाट बघतो. धोंडीराम, खडकवळे.' पत्ता: सौ. द्वारकाबाई सदाशिव वडके, कासार आळी, वाठारी. वाठारीच्या टपाल कचेरीचा शिक्का: ४ मे १९६१.

द्वारकाबाई म्हणजे शेठजींच्या धाकट्या भावाची बायको, एवढं मला पहिल्या पेटीवरून ठाऊक होतं. हे कार्ड पत्रिकांत कसं गेलं याचा मी विचारही केला नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की जे कुठं मिळत नाही ते मला मिळालंय. मोघे सरांनी तर कार्ड दोन बोटांत धरून खिडकीशी नेलं आणि म्हणाले, "दुर्मीळ हो! संग्रहाच्या उद्घाटनाला काचेत ठेवू." त्या संध्याकाळी मी बासनाची यादी टाइप केली. एरवी तिन्ही पेट्यांचं काम झाल्यावर एकदमच यादी गेली असती. मी ती एकाच बासनाची दुसऱ्या दिवशी टपालात टाकली, शेठजींच्या नावानं. बघू दे म्हातारा, म्हटलं, त्याच्या चिंध्यांत काय निघालं ते.

त्यात एक ओळ अशी होती: 'क्र. २१२. पोस्टकार्ड. धोंडीराम यांजकडून सौ. द्वारकाबाई वडके यांस. विषय: वडिलांचे निधन. दि. ३ मे १९६१. स्थिती: उत्तम.'

चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास एक बाई आत आल्या. साठीच्या, उंच, कपाळ मोकळं, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. हातात माझी यादी होती.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी. आपण?"

"तुमच्या ह्या दोनशे बारा नंबरावर जिचं नाव हाय ना, ती मी." त्यांनी यादी टेबलावर आपटली. "कुनी आनून दिलं ह्ये खोटं कार्ड? खडकवळ्याचं कोन आलं व्हतं हितं?"

"कुणी नाही. शेठजींच्या बासनात मिळालं."

"खोटं बोलू नका. नोकरीसाठी काय बी कागद बनवता व्हय तुम्ही? माझ्या माहेरनं मला कार्ड आलंच न्हाई. माझा बाप मेला, त्ये मला म्हैन्यानं कळलं. बाजारात, एका बांगडीवालीच्या तोंडून! हिरव्या बांगड्या भरत व्हते मी, तवा!"

त्यांचा आवाज पुढच्या वाचनकक्षात पोचला असणार, कारण तिथली वर्तमानपत्रं सळसळायची थांबली. मी म्हटलं, "काकू, आपण बसा. पाणी—"

"मी कुनाची काकू न्हाई. कार्ड दावा."

इतक्यात बाहेर रिक्षा थांबली. काठीचा आवाज आला आणि नारायणशेठ दारात उभे राहिले. डोक्यावर टोपी नव्हती. एवढ्या वर्षांत आळीत कुणी त्यांना बोडकं पाहिलं नसेल.

"द्वारका, घरी चल."

बाईंनी मान वळवली नाही. माझ्याकडे बघतच बोलल्या. "ह्यांना दिसत न्हाई. दोन वर्सं झाली, ह्यांचं समदं टपाल मीच वाचून दावते. परवा ही यादी आली. पाटावर बसले व्हते ह्ये, मी चुलीपाशी. वाचत गेले. दोनशे धा, पत्रिका. दोनशे अकरा, पत्रिका. दोनशे बारा..." त्या थांबल्या. "म्या वाचून दावलं ह्यांना. समदं. विषय, तारीक, स्थिती उत्तम. ह्ये जेवत व्हते. हात थांबला, पन बोलले न्हाईत. दोन दिस झाले, बोलले न्हाईत."

ती ओळ मी ऐटीत टाइप केली होती.

मी कपाट उघडलं आणि कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही. वाकून, टेबलाला हात न लावता वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग शिक्क्यावर बोट ठेवलं.

"धोंडीचं अक्षर," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "त्येचंच."

"द्वारका—"

"भावजी, तुमी बोलू नका. आधी मी इचारते." आता त्या वळल्या. "चार मे. कुसुमचं लगीन पाचला व्हतं."

"हो."

"कार्ड तुमच्या हातात पडलं."

"पोस्टमन ओट्यावरच आला. मांडव घालत होते." शेठजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "कुसुमला आई नव्हती. मी विधुर. कन्यादान तू आणि सदा करणार होता. पाहुणे उतरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी देवक बसायचं होतं. एकदा देवक बसलं की मग काही बाधत नाही. तेच कार्ड एक दिवस उशिरा आलं असतं तर... पण आदल्या दिवशी आलं. तुला सांगितलं असतं तर तुला तीन दिवसांचं सुतक. कन्यादानाला कोण बसणार होतं? आईविना पोर, द्वारका. तिचं लग्न मोडलं असतं."

"मोडलं नसतं. मामा-मामी व्हती तिची. बसली असती."

"त्यांच्याशी माझा वाकडेपणा होता."

"म्हंजी तुमच्या वाकडेपनापायी," बाई सावकाश म्हणाल्या, "माझ्या बापाची राख बी तिकडं निवली नव्हती आन् मी हितं शालू नेसून पानी सोडत व्हते. तुमच्या लेकीच्या हातावर."

शेठजींनी काठी चौकटीला टेकवून ठेवली.

"लगीन झालं. मग का न्हाई दिलंत?"

"मांडवपरतणीनंतर देणार होतो. मग म्हटलं, दहावा होऊन जाऊ दे, आता गेली तरी काय उपयोग. मग तुला बाहेरूनच कळलं. मग... मग कुठल्या तोंडानं देणार होतो?"

"आखाडात धोंडी आला व्हता दारात. आठवतंय?"

"आठवतंय."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांना साक्षीदार हवा होता आणि तिथं मीच होते. "भर आळीत उभा ऱ्हाऊन वरडला त्यो. कार्ड टाकलं व्हतं, आली न्हाईस, तुझ्यापायी दिवसभर कावळा शिवला न्हाई म्हनला. मी आतनं कडी घातली. खोटारडा म्हनाले त्याला. मला भाऊ न्हाई म्हनाले. समद्या आळीनं ऐकलं. आन् ह्ये," त्यांनी शेठजींकडे बोट केलं, "ह्ये ओट्यावर पान खात बसले व्हते. कार्ड ह्यांच्या पेटीत."

"पान खात नव्हतो," शेठजी म्हणाले. कुठलाही माणूस अशा वेळी जे बोलू नये तेच बोलतो.

"पस्तीस वर्सं! एक भाऊबीज न्हाई. त्येच्या पोरांची तोंडं बघितली न्हाईत. तीन सालामागं त्यो गेला, त्येचं कार्ड आलं. मी वाचलं, फाडलं, आन् पोळ्या लाटायला बसले. अंघोळ बी केली न्हाई. भाऊच न्हाई म्हनल्यावर अंघोळ कशाची?" त्यांचा श्वास लागला होता. "आमच्या ह्यांना ठावं व्हतं?"

"सदाला? नाही. कुणालाच नाही."

"खरं?"

"कुसुमची शपथ."

"तिची नका घेऊ. तिनं काय केलंय?"

मग शेठजी पुढं आले. टेबलाची कड हाताला लागली तसे थांबले. "मी ते फाडू शकलो असतो," ते म्हणाले. "लगेच, तिथंच. कुणाला कळलं नसतं. पण ते तुझं होतं. तुझ्या नावाचं. तू वाचायच्या आधी मी कसं फाडायचं? म्हणून पत्रिकांत ठेवलं. मग घराला रंग दिला तेव्हा बासनं इकडची तिकडं झाली, आणि मला वाटलं गेलं असेल. पेट्या इथं आल्यावर एका रात्री आठवलं. न्यायला आलो होतो. तुलाच देणार होतो."

"मला देनार व्हता का चुलीत घालनार व्हता?"

मला आजही वाटतं की त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

बाईंनी कार्ड उचललं. तेव्हा कुठं मला माझं काम आठवलं. "बाई," मी म्हटलं, "त्याची नोंद झालीय. ते बाहेर नेता येत नाही. हवं तर मी झेरॉक्स—"

"ह्येच्यावर नाव कुनाचं हाय?"

"तुमचं."

"मग मला आलेलं टपाल हाय ह्ये. पोचायला उशीर झाला, एवढंच."

त्यांनी कार्ड मधोमध फाडलं. मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडलं. जाड कार्ड, जुनं. कराकरा आवाज झाला. मी हात पुढं केला होता. पुरता केला नाही. चार तुकडे मुठीत धरून त्यांनी विचारलं, "नळ कुठंय?"

नळ मागच्या अंगणात होता, टाकीजवळ. शिपायाची बादली आणि तांब्या तिथंच असायचा. त्यांनी मुठीतले तुकडे मोरीच्या तोंडाशी सोडले. नळ पुरता उघडला, बादली भरली आणि भर दुपारी, त्या मोकळ्या अंगणात, नेसत्या साडीनिशी डोक्यावरून पाणी घ्यायला सुरुवात केली. एक तांब्या, दुसरा, तिसरा. खिडक्यांत वाचक गोळा झाले होते. मी त्यांना हाकललं, त्या दिवशी बहुधा तेवढं एकच काम मी नीट केलं.

"धोंड्या," त्या पाण्याखाली म्हणाल्या. एवढंच. मग मोठ्यानं रडल्या.

नारायणशेठ दाराशी उभे होते. त्यांना नुसता पाण्याचा आवाज येत असणार. बाई निथळत त्यांच्या समोर आल्या तेव्हा ते म्हणाले, "द्वारका, मला माफ—"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "आन् एक सांगते. जेवायला वाढीन. दवा देईन. मेल्यावर तोंडात पानी घालीन. पन तुमचं टपाल आता मी वाचनार न्हाई. दुसरं कुनी बघा."

ओल्या साडीनं त्या तशाच भर रस्त्यानं कासार आळीत गेल्या. शेठजींना रिक्षापर्यंत मी हाताला धरून नेलं. या वेळी दार दाखवायला उठले.

मोघे सर दुपारी आले आणि त्यांना सगळं कळलं. एवढा मवाळ माणूस, पण त्या दिवशी ओरडला. "तुम्हाला कागद जपायला ठेवलंय की फाडू द्यायला? अहो, निदान तुकडे तरी! चिकटवता आले असते." ते स्वतः मोरीपाशी जाऊन वाकून बघून आले. काही उरलं नव्हतं. "आता २१२ पुढं काय लिहिणार? गहाळ?"

मी रजिस्टर ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मालकिणीस पोच झाले.' सरांनी ते वाचलं आणि रजिस्टर मिटून ठेवलं. त्या शेऱ्यामुळं माझी कायम नेमणूक दोन वर्षं लांबली. शेठजींनी माझ्याविरुद्ध मोघे सरांपाशी अवाक्षर काढलं नाही, पेट्याही परत मागितल्या नाहीत.

१९९९च्या श्रावणात वाचनालयाच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. माथ्यावर 'श्री' नव्हतं. अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं, पण ते पाहताच मला ते कार्ड आठवलं. तसंच मोठं, सरळ. भावंडं एकाच पाटीवर शिकली असावीत.

'कळविण्यास दुःख होते की आमचे भावजी श्री. नारायणशेठ काल सकाळी गेले. आळीत, भावकीत, सगळ्यांना मी माझ्या हाताने कार्डे लिहिली आहेत. वडक्यांच्या घरून कळवले नाही असे कुणी म्हणायला नको. द्वारकाबाई.'

आमच्या संग्रहात आजमितीला अकरा हजार कागद आहेत. कासार आळीचं बासन क्रमांकानं लावलेलं आहे आणि २११ नंतर २१३ येतो. नियमाप्रमाणं ते दुसरं कार्ड मी नोंदवायला हवं होतं, २१२ची रिकामी जागाही तयार होती. मी ते उभ्यानंच वाचलं, चार तुकडे केले आणि मागच्या नळावर गेले.